उरलेल्या गुंजा

"ब्याण्णव!" हे झोपायच्या खोलीच्या दारातूनच ओरडले. "इंदू, शंभरपैकी ब्याण्णव!"

मी देवापुढे चंदन उगाळत बसले होते. नैवेद्य दाखवून होईपर्यंत माझं रोज मौन असे, म्हणून मी नुसती मान हलवली. मौन नसतं तरी काय बोलणार होते? एकसष्ट वर्षांचा पेन्शनर माणूस, गालांवर मुसक्याचे लाल वळ, पायजम्याची नाडी लोंबतेय, आणि झोपेत पहिला नंबर आला म्हणून घरभर नाचतोय.

"गळती नाही. मास्क एकदाही निघाला नाही. श्वास अडकला ताशी दोनदा. तपासणीच्या दिवशी किती होता, आठवतंय? ताशी एक्केचाळीस!"

मी घंटा वाजवली. जरा जोरातच.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा आम्हाला सांगलीत, विश्रामबागला राहायला येऊन तीन-चार वर्षं झाली होती. ह्यांचं घोरणं इतकं वाढलं होतं, की खालच्या मजल्यावरच्या खाडिलकरांनी एकदा पाण्याची मोटार बिघडलीय का म्हणून चौकशी केली. मिरजेच्या छातीच्या डॉक्टरांनी निदान केलं: झोपेत घसा मिटतो, श्वास थांबतो, अंगातला ऑक्सिजन खाली जातो, मग माणूस धडपडून पुन्हा श्वास घेतो. रात्रभर हेच. त्यावर उपाय म्हणजे उशाशी ठेवायचं एक मशीन. त्याची नळी मुसक्याला, मुसकं नाकावर. हवेच्या झोताने घसा उघडा राहतो. एवढंच. पण ह्यांनी त्याचं संस्थान करून टाकलं. मशीन रोज सकाळी मोबाइलवर मार्क पाठवी, आणि हे ते वहीत उतरवून घेत. शिवाय एका यंत्रावर भरवसा नको, म्हणून बोटाला लावायचा एक चिमटा आणला. तो ऑक्सिजनचा आलेख काढी. दोन यंत्रांचे आकडे समोरासमोर ठेवून हे चष्म्याआडून तपासत बसत.

खोड जुनी. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर होते. लोकांची वजनं हातात घेऊन झुलवायची, तराजूचा काटा बघायचा, खोटा निघाला की जप्त. अख्ख्या नोकरीत एकाचंही खोटं माप सोडलं नाही, असं हे अजून अभिमानाने सांगतात. माझ्या सख्ख्या भावाचंही नाही. तासगावात अण्णाचं किराण्याचं दुकान होतं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ह्यांनी त्याचा तराजू जप्त केला, आणि दुसऱ्या दिवशी ओवाळणीच्या ताटाशी माझ्या शेजारी येऊन बसले, जणू काही झालंच नाही. त्यानंतर अण्णा आमच्या घरी आला नाही. असा हा माणूस.

मशीन येऊन दोन महिने झाले असतील. जेवताना हे म्हणाले, "इंदू, मशीन आल्यापासून एक गोष्ट लक्षात आलीय."

"कसली?"

"तू घोरतेस."

"मी?"

"आधी माझ्याच आवाजात तुझा ऐकू यायचा नाही. घोरतेस आणि मध्येच थांबतेस. काल मोजलं. बावीस सेकंद श्वास नव्हता."

"उपासांनी वात होतो मला," मी म्हणाले. "आणि बायकोच्या उशाशी घड्याळ घेऊन बसण्यापेक्षा तेवढ्या वेळात रामनाम घेतलं असतंत, तर पदरात काही पडलं असतं."

माझा आवाज कधी चढत नाही. तशी गरजच पडत नाही. ह्यांनी ताकाची वाटी तोंडाला लावली.

"सकाळी डोकं दुखतं ना तुझं? तोंडाला कोरड पडते?"

"पित्त."

"डॉक्टर म्हणत होते, बायकांमध्ये—"

"डॉक्टरांना सांगा, चतुर्थी, एकादशी, सोमवार, गुरुवार करून बघा. मग पित्त म्हणजे काय ते कळेल."

माझं खरं काम वेगळंच होतं. त्याच्या तीन वर्षं आधी मी तेरा अक्षरी राममंत्राचा तेरा लक्ष जपाचा संकल्प सोडला होता. रोज दुपारी तीन ते साडेचार, अकरा माळा. शेजारी दोन वाट्या. एकीत अकरा गुंजा. एक माळ पुरी झाली की एक गुंज दुसऱ्या वाटीत. शेवटी वहीत आकडा.

ती वही ह्यांनी एकदा उघडून बघितली होती. "माळेत एकशेआठ मणी, आणि तू शंभरच धरतेस?"

"वरचे आठ सोडायचे असतात. मन भटकतं, उच्चार चुकतो, त्याच्यासाठी."

"म्हणजे शेकडा साडेसातच्या आसपास सूट." हे विचारात पडले. "बरीच आहे. आमच्याकडे एवढी कुणालाच नव्हती."

अशा माणसापुढे काय बोलायचं!

सोसायटीच्या राममंदिरातल्या भजनी मंडळात मात्र मला वेगळीच किंमत होती. एकादशीला आम्ही सगळ्याजणी तिथे एकत्र जपाला बसत असू. दोन-तीन माळा झाल्या की माझं ध्यान लागे. मान पुढे येई, शुद्ध हरपे. वसुधाताई हर्डीकर, आमच्या मंडळाच्या प्रमुख, शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनीच हे प्रथम सगळ्यांच्या लक्षात आणून दिलं. माझ्या घशातून जो खोल आवाज येतो तो ओंकार आहे, असं त्यांचं मत होतं आणि कानाचा अधिकार त्यांचाच. एकदा ध्यानात माझा पदर निरांजनावर गेला. वीतभर जळला, तरी मला कळलं नाही. बायकांनी तो जळका पदर डोळ्यांना लावला. घरी ह्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि फक्त विचारलं, "आणि तुला जाग आली नाही?"

जाग! मी साडी ह्यांच्या हातातून ओढून घेतली.

फाल्गुनातल्या एकादशीला माझे बारा लक्ष एकोणसत्तर हजार दोनशे झाले होते. रामनवमीला अठ्ठावीस दिवस. रोजचे अकराशे धरले की बरोबर त्या दिवशी तेरा लक्ष पुरे. त्या दिवशी माझं उद्यापन, आणि मंडळाकडून मान: त्या दिवसापासून सामुदायिक जपाला पुढचं आसन माझं, रामाच्या थेट समोर. त्या आसनाचा विचार माझ्या मनात दिवसातून किती वेळा येई, तो आकडा मी कुठल्याच वहीत लिहिला नाही.

त्या एकादशीच्या दुपारी माझं आसन घरी राहिलं म्हणून हे ते घेऊन मंदिरात आले.

"काय शिराळकर," वसुधाताईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "आज किती मार्क?"

बायका खुसखुसल्या.

"एक्क्याण्णव," हे सरळपणे म्हणाले. टोमणा कळत नाही, हा ह्यांचा जन्माचा दोष.

"झोपून मार्क मिळवणारे तुम्ही, आणि जागेपणी देहभान विसरणारी तुमची बायको. तो तुमचा चिमटा आहे का खिशात?"

"आहे."

"वाटलंच मला. लावा बघू हिच्या बोटाला. तुमच्या यंत्रालाही कळू दे, समाधी म्हणजे काय ते."

"उगीच कशाला, ताई—"

"का? यंत्राची फजिती होईल म्हणून?"

नलूआक्का, आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या, टाळ्या पिटून हसल्या. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "इंदू, लावू?"

मी डाव्या हाताचं बोट पुढे केलं. कुठल्या तोऱ्यात केलं ते मला अजून आठवतं. अंगठी घालून घ्यायला करावं तसं.

पहिली माळ आठवते. दुसरी आठवते. तिसऱ्या माळेला समईची वात मोठी झाल्यासारखी वाटली. मग एकदम आरतीच्या टाळ्या. मी डोळे उघडले तेव्हा वीस बायका माझ्याकडे हात जोडून बघत होत्या. हे खांबाला टेकून बसले होते, मोबाइल दोन्ही हातांत धरून. चेहरा असा, की मला वाटलं ह्यांनाच काहीतरी होतंय.

"सांगा, सांगा!" वसुधाताई म्हणाल्या. "काय म्हणतंय यंत्र?"

ह्यांनी मोबाइल बंद केला आणि खिशात घातला.

"चिमटा नीट बसला नव्हता," हे म्हणाले. "नोंदच झालेली नाही."

काय गलका झाला! "नोंदच नाही! ऐकलंत का, यंत्राला सापडलीच नाही!" नलूआक्कांनी वाकून माझ्या पायाला हात लावला, मला मागे सरायलाही जमलं नाही. वसुधाताईंनी ह्यांच्या हातावर प्रसादाचं केळं ठेवलं, हरलेल्या पोराच्या हातावर ठेवतात तसं. हे केळं घेऊन चपला घालायला निघून गेले. मी खाली मान घालून हसत होते. विनय दिसावा म्हणून खाली, आणि हसू दिसू नये म्हणूनही.

घरी आल्यावर ह्यांनी दार लावलं आणि मोबाइल माझ्यापुढे ठेवला.

"हा माझा आलेख. मशीन यायच्या आधीचा, तपासणीतला." एक रेघ, करवतीच्या दातांसारखी खालीवर होणारी. "आणि हा आजचा. तुझा."

तशीच करवत. दात जरा जास्तच खोल.

"नोंद झाली नव्हती ना?"

"झाली होती. पावणेचार ते साडेचार. श्वास थांबला की रेघ खाली, घेतला की वर. इथे बघ, एक्क्याऐंशी. माझा ऑक्सिजनही इतका खाली कधी गेला नाही. इंदू, ती समाधी नाही. तू बसल्या बसल्या झोपतेस. रात्री तुला झोप लागतच नाही, म्हणून."

"तुम्हाला सगळीकडे झोपच दिसते."

"आणि पदर जळतो तरी तुला कळत नाही. उद्या गॅसपाशी ध्यान लागलं तर?"

मी उठले. ह्यांनी हात धरला नाही, नुसतं म्हणाले, "उरलेल्या गुंजा तू एकदम सरकवतेस. तीन वर्षं बघतोय मी."

मी परत बसले.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. ध्यानातून बाहेर आले की दुसऱ्या वाटीत कधी तीन गुंजा असत, कधी चार. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरून वसुधाताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, अगं वेडे, ध्यानात जप आतल्या आत चालूच असतो, तो मोजायला हात कशाला लागतो? मला ते पटलं. पटून घ्यायला मला फार वेळ लागला नाही. दीड तास बसले म्हणजे अकरा माळा झाल्याच, या हिशोबाने मी उरलेल्या गुंजा ओंजळीने सरकवायची आणि वहीत अकरा लिहायची. रोज.

"मग आज तिथे का नाही सांगितलंत?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "अण्णाला नव्हती सूट दिलीत."

"नव्हती दिली."

"सणाच्या तोंडावर."

"हो."

"मग आज का खोटं बोललात?"

ह्यांनी केळ्याचं साल सोललं. "वीस बायका होत्या तिथे," एवढंच म्हणाले. मग केळं न खाता बाजूला ठेवलं. "पण खोटं माप माझ्या हातून पास झालंय, ते माझ्याच्याने फार दिवस सांभाळवणार नाही. दुकानदाराला आम्ही दुरुस्तीला पंधरा दिवसांची मुदत देत असू. तुलाही देतो. डॉक्टरांकडे चल. नाहीतर सोळाव्या दिवशी मी मंदिरात जाऊन सांगणार."

बायकोला मुदत! मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना वाटलं मौन वाढवलंय.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, ह्यांचं तोंड एकदाचं बंद करायचं. पंखा बंद केला. भिंतीला न टेकता, मांडी घालून, ताठ बसले. डोळ्यांना पाणी लावलं. मेरुमणी बोटाला लागल्याशिवाय गुंज हलवायची नाही. एक झाली. दोन झाल्या. तिसरीला बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचा आवाज आला, तोही ऐकला. तीन. चौथ्या माळेचे किती मणी झाले, रामाला ठाऊक. हनुवटी छातीला आपटली तेव्हा घड्याळात साडेचार झाले होते. माळ मांडीवरून खाली घसरली होती. पहिल्या वाटीत आठ गुंजा.

माझा हात आपोआप वाटीकडे गेला. ओंजळ करून.

दारातून बाहेरचं दिसत होतं. हे खुर्चीत बसले होते, वर्तमानपत्र तोंडापुढे धरून. पान उलटत नव्हतं.

अण्णाचा तराजू खोटा होता. तो मालाच्या पारड्याखाली चिंच चिकटवायचा, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. मी तिथेच लहानाची मोठी झाले. हे मी ह्यांना कधी सांगितलं नाही, आणि अण्णा येत नाही म्हणून तीस वर्षं ह्यांना बोल लावला.

मी गुंजा तशाच ठेवल्या. वहीत तीन लिहिले. तिनाचा आकडा त्या वहीत पहिल्यांदाच आला होता; रोजच्या अकरांच्या खाली तो कुबड्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता.

"उद्या मिरजेला किती वाजता जायचं?" मी विचारलं.

वर्तमानपत्र खाली आलं. "दहाला नंबर लागतो," हे म्हणाले. नंबर आधीच लावून ठेवला होता, मेल्यांनी.

डॉक्टर पोरगेलेसे होते. त्यांनी विचारलं, "काकू, दिवसा बसल्या बसल्या झोप लागते का?" मी म्हणाले, "मी ध्यान करते." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. तपासणीत ताशी छत्तीस निघाले. ह्यांना मनातून बरं वाटलं असावं, एक्केचाळीसचा विक्रम अबाधित राहिला. आठवड्याभरात माझ्या उशाशीही मशीन आलं. दोन बैलांना दोन मुसकी.

रामनवमीला मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. जन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटला, मग वसुधाताईंनी शाल उलगडली. "तेरा लक्ष जप! आणि आपण सगळ्यांनी पाहिलंय, यंत्रानेही हात टेकले!"

मी उभी राहिले. "माझा संकल्प पुरा झालेला नाही," मी म्हणाले. "मी झोपत होते. माळा झाल्याच नाहीत, मी उगाच लिहिल्या."

वसुधाताईंचे डोळे भरून आले. "बघा," त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "केवढी ही लीनता! एवढं करून म्हणते, काही केलंच नाही." आणि शाल माझ्या खांद्यावर टाकली.

"ताई, खरंच सांगते—"

"किती हळू बोलतात हो इंदूताई," मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं. पुढच्या आसनावर मला बसवायला दोघीजणी दंड धरून नेऊ लागल्या. पुरुषांच्या बाजूला हे उभे होते. मुदतीत दुरुस्ती झाली होती, म्हणून हे तोंड उघडत नव्हते. नुसते माझ्याकडे बघत होते, काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसे.

"अहो, मी घोरत होते!" मी ओरडले.

एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात बोलले नव्हते. गाभाऱ्यात घुमलं ते. ढोलकीवाल्याने ढोलकीवर हात ठेवला.

"तो ओंकार नव्हता. मला झोपेचा आजार आहे. ह्यांना आहे तोच. आणि त्या दिवशी यंत्रात सगळी नोंद झाली होती, ह्यांनी माझी लाज राखली."

 मग नलूआक्का शेजारणीला म्हणाल्या, कान गेल्यामुळे सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "तरी मी म्हणत होते, आमचे हे असाच ओंकार करायचे."

शाल मी घडी करून वसुधाताईंच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, पण माझ्याकडे न बघता. पुढचं आसन त्या वर्षी पेठे वहिनींना मिळालं. त्यांचं ध्यानबिन काही लागत नाही, त्या जपात कंसातल्यासारखं सुनेबद्दल बोलतात. वसुधाताई माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. पुढच्या फाल्गुनात एकदा भाजीवाल्यापाशी गाठून त्यांनी विचारलं, "ते तुमचे मिरजेचे डॉक्टर कुठल्या वारी असतात?" मी सांगितलं. हळू आवाजात.

पण रामनवमीच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं.

सकाळी मी चंदन उगाळत होते. हे माझा मोबाइल घेऊन आले. "इंदू, अठ्ठ्याहत्तर! पहिल्या महिन्यात मला इतके नव्हते." माझं मौन होतं. मी सहाणेवर खोड जोरात फिरवलं.

दुपारी तीनला बसले. जुनी वही बाजूला ठेवून नवी काढली, संकल्प पुन्हा पहिल्यापासून. डोकं दुखत नव्हतं. अकरावी गुंज दुसऱ्या वाटीत पडली तेव्हा घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. जे काम दीड तासात मी तीन वर्षं पुरं करत होते, त्याला दोन तासांवर वेळ लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मी वहीत अकरा लिहिले. हे आत आले. न विचारता खाली बसले, चष्मा चढवला, वाटीतल्या गुंजा तळहातावर घेऊन एकेक मोजल्या. शेवटची जरा झुलवूनसुद्धा बघितली. मग खिशातलं पेन काढलं आणि माझ्या अकराच्या शेजारी बारीक सही केली, तारीख घालून.